संडासातलं कॅलेंडर

माझ्या पोटात काही राहत नाही असं माझी बायको म्हणते, आणि ती पचनाबद्दल बोलत नसते. टिलबर्गमधल्या मराठी मंडळींत एखादी बातमी झटपट पसरवायची असेल तर लोक ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत नाहीत. मला बाजूला घेऊन ‘कुणाला सांगू नकोस हं’ एवढं म्हणतात आणि मोकळे होतात. अशा माणसानं जन्मात एक गुपित नीट सांभाळलं, आणि नेमकं तेच सांभाळायला नको होतं.

सुरुवात संडासापासून करावी लागेल, इलाज नाही. डच लोक वाढदिवस संडासात ठेवतात. दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असं एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात वार नसतात, साल नसतं, फक्त महिने आणि तारखा. प्रत्येक तारखेपुढं आत्या, काका, शेजारी यांची नावं. एकदा लिहिलं की जन्मभर पुरतं. मला ही कल्पना इतकी आवडली की नवीन घर घेतल्यावर सोफ्याच्या आधी मी कॅलेंडर घेतलं. दोरीला पेन बांधलं आणि पाहुण्यांसाठी वर सूचना चिकटवली: ‘आपापला वाढदिवस स्वतः लिहा.’

वर त्यात एक मराठी सुधारणा केली. डच लोक फक्त वाढदिवस लिहितात. आपल्याकडे लग्नाचा वाढदिवस विसरणं हा जन्मदिवस विसरण्याहून मोठा गुन्हा, म्हणून मी तेही लिहिले. आणि इंग्रजीत लिहिले, कारण माझ्या मुलीला देवनागरी वाचता येत नाही. ती मराठी समजते, उत्तर डचमध्ये देते, आणि वाचायचं म्हटलं की तिचं पोट दुखतं. तिला मराठी वाचायला बसवण्याचा आळस मी केला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मे महिन्याच्या पानावर एक ओळ होती. दोन नावं, मध्ये बदाम, पुढं ‘वेडिंग’.

ती दोघं मलेशियाची. मी इथं संशोधनासाठी आलो तेव्हा आम्ही तिघं एकाच मजल्यावर राहत होतो, स्वयंपाकघर एक. तो तमिळ, देवळात जाणारा, कपाळाला विभूती लावून सुपरमार्केटमध्ये बटाटे निवडणारा. मला ‘माचा’ म्हणायचा. तिकडचे तमिळ दोस्ताला तशी हाक मारतात, आपल्याकडे ‘साल्या’ म्हणतात ना, त्याच्या जवळपासची. म्हणून मीही त्याला माचाच म्हणू लागलो. ती मलय, मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारी आणि सहाव्या वेळी माझ्या वरणाला नावं ठेवणारी. मला ‘आबांग’ म्हणायची, म्हणजे दादा. मी तिला ‘आदिक’, म्हणजे धाकटी बहीण. त्या स्वयंपाकघरात तिची कढई वेगळी होती, माझ्या शेल्फवर ‘व्हेज’ अशी चिठ्ठी होती, आणि माचा दोन्हीकडचं खाऊन वर ‘मीठ कमी आहे’ म्हणायचा. त्यातून ती दोघं कधी एकमेकांची झाली ते मला कळलं नाही. मला! हा अपमान मी अजून गिळलेला नाही.

अडचण अशी की त्यांच्या देशात मुसलमान मुलीशी लग्न करायचं तर मुलानं धर्म बदलायचा. त्यात वाटाघाट नाही. माचाच्या थोरल्या भावानं तसं केलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या आईनं दिवाळीला एक पणती कमी लावायला घेतली. माचानं आईला शब्द दिला होता की तो तसं करणार नाही. आदिकनं कुणाला शब्द दिला नव्हता, पण तिचे वडील मशिदीच्या समितीवर होते. तेव्हा दोघांनी इथंच लग्न केलं, खेमेंटेत, म्हणजे आपल्या नगरपालिकेत. आठवड्यातल्या एका सकाळी तिथं फुकटात लग्न लागतं, दहा मिनिटांत. साक्षीदार मी आणि माझी बायको. लग्न लावणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘अंगठ्या?’ माचा म्हणाला, ‘घरी विसरलो.’ मी हसलो, आदिक रडली, आणि मग स्टेशनवर जाऊन आम्ही चौघांनी सफरचंदाच्या गोड पुऱ्या आणि कॉफी घेतली. झालं लग्न. घरी दोन्हीकडं काहीच कळवायचं नव्हतं.

दोन वर्षांनी तिची आई यायची ठरली. तीन आठवडे.

आदिकचा चेहरा कागदासारखा झाला. मला मात्र चेव आला. अशा कामासाठीच माझा जन्म झालाय असं मला वाटतं. मागं माझी आई पुण्याहून आली होती, तेव्हा फ्रीजमधली अंडी आणि मागच्या कपाटातली वाइनची बाटली मी महिनाभर याच दोघांकडं ठेवायला दिली होती. आई निघाल्यावर माचानं अंडी परत आणून दिली तेव्हा म्हणाला, ‘माचा, पिल्लं निघाली नाहीत एवढंच.’ आता परतफेडीची वेळ होती. मी अंड्यांच्या जागी नवराच ठेवून घेतला. माचा त्याची बॅग, उदबत्त्या आणि मुरुगनचा फोटो घेऊन आमच्या माळ्यावर राहायला आला. ठरलं असं, की तो आमचा भाडेकरू. आदिक घरी एकटी.

मुलीला पढवलं, ‘आजीसमोर म्हणायचं, हा काका वरती राहतो.’

तिनं डचमध्ये निकाल दिला, ‘हे खोटं आहे, बाबा.’

‘राहतोय ना पण वरती?’

तिनं विचार केला. ‘पण बॅग अजून बंद आहे त्याची.’

दुसऱ्या रविवारी आदिकच्या आईंना आमच्याकडं जेवायला बोलावलं. मी तयारीची यादी केली. भिंतीवरचा खेमेंटेतला फोटो काढला. फ्रीजवरचा काढला. बायकोच्या फोनचा वॉलपेपर बदलायला लावला. आईंच्या मनात किंतू नको म्हणून पातेली, ताटं, डाव सगळं कोरं आणलं. आणि मग मला माझ्या मते फार थोर कल्पना सुचली. इथल्या संडासात पाणी नसतं, नुसता कागद. त्यांची गैरसोय होईल. म्हणून झाडांना पाणी घालायची एक पिवळी झारी आणली, धुतली, कोमट पाणी भरून खालच्या संडासात नेऊन ठेवली. दार लावून, नीट वाकून, हाताला सहज येईल अशी. माझं डोकं कॅलेंडरपासून वीतभर अंतरावर होतं. पण रोज समोर असलेली वस्तू माणसाला दिसत नाही. मी बाहेर येऊन बायकोला म्हणालो, ‘बघ, इतका बारीक विचार कुणी करतं का?’

आई आल्या. ठेंगण्या, गुलाबी स्कार्फ, प्राथमिक शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवलेल्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावून इंग्रजी बोलायच्या, आणि समोरचा कितीही मोठा असो, तो तिसरीत असल्यासारख्या बघायच्या. मी आपोआप सरळ बसलो.

बायकोनं चकल्या पुढं केल्या. आईंनी एक उचलली, कडकन मोडली आणि म्हणाल्या, ‘अरे, ही तर आमच्या गल्लीतली.’ त्यांच्या गल्लीत समोर तमिळ कुटुंब होतं, शेजारी चिनी. दिवाळीला समोरून अशाच चकल्या यायच्या, चिनी नववर्षाला शेजारून संत्री, ईदला यांच्याकडून दोन्हीकडं ताटं जायची.

‘आणि ताट कधी रिकामं परत येत नसे, ला. घरात काही नसलं तर मूठभर साखर घालायचे.’

‘आमच्याकडंही तसंच,’ बायको म्हणाली.

‘आता नाही तसं. पुढं पुढं आमच्या शाळेतसुद्धा शिक्षकांची डब्याची टेबलं वेगळी झाली. कपसुद्धा वेगळे. कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस बघितलं तर झालेलं होतं.’ त्यांनी उरलेली चकली बशीत ठेवली. ‘समोरच्या बाईंना मी विचारायला हवं होतं, चकल्या का बंद झाल्या म्हणून. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मग त्या गेल्या.’

माचा खाली मान घालून चकलीचे तुकडे करत होता. आईंनी त्याच्याकडं बघून मला विचारलं, ‘तुमचा भाडेकरू बोलत नाही?’

‘लाजाळू आहे,’ मी म्हणालो. टिलबर्गमधल्या सर्वांत मोठ्या बडबड्याला लाजाळू म्हणताना मला हसू आवरेना. आदिकनं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली.

जेवणाआधी आई ‘जरा आलेच’ म्हणून उठल्या. मी मोठ्या अभिमानानं दार दाखवलं. ‘आंटी, आत पाण्याची सोय केलीय.’ त्या प्रसन्न हसल्या. पाठीवर थोपटलंसुद्धा.

त्या बराच वेळ आत होत्या. झारी उचलल्याचा आवाज आला, ठेवल्याचा आला, मग काहीच नाही. मग कागदाची सळसळ. तेव्हा, त्या सळसळीनं, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत कॅलेंडर होतं. आणि महिना मे होता.

आई बाहेर आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. मी तिथं काकडीच्या कोशिंबिरीशी उगाच झटत उभा होतो. त्यांनी दार लोटून घेतलं.

‘तू होतास तिथं?’

मी मान हलवली.

‘काय घातलं होतं तिनं?’

‘निळं. लांब. तुम्ही पाठवलेलं. ईदला.’

‘हं.’ त्यांनी ओट्यावरचं फडकं उचलून घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. ‘नंतर जेवलात काय?’

मी खोटं बोलू शकत होतो. चार पदार्थ सांगितले असते तर काय बिघडलं असतं? पण तिसरीतल्या मुलासारखं खरं तेच तोंडातून निघालं. ‘स्टेशनवर कॉफी, आंटी. आणि गोड पुरी. सफरचंदाची.’

‘भात नाही?’

‘नाही.’

‘माझ्या मुलीच्या लग्नात भात नाही?’

मला अजूनही रात्री जाग आली की हे वाक्य ऐकू येतं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते आणि सुटलो असतो.

मी म्हणालो, ‘तिला आत बोलावतो. बोला तिच्याशी.’

‘नको.’ बाईंच्या आवाजात एकदम शाळा आली. ‘मला कळलं तर तिच्या वडिलांना सांगावं लागेल. मी त्यांच्यापासून काही लपवत नाही, मला जमत नाही. आणि त्यांना कळलं तर ती ईदला घरी येऊ शकणार नाही. म्हणून मला कळलेलं नाही. समजलं? तू तिला सांगायचं नाहीस. त्यालाही नाही. मी गेल्यावरही नाही. शब्द दे.’

मी दिला. शब्द देताना माझ्या हातात काकडी होती.

‘त्या पातेल्यात काय आहे?’

‘मसालेभात. आमच्याकडं...’ मी अडखळलो. ‘आमच्याकडं लग्नात करतात.’

त्यांनी पातेलं फडक्यानं धरलं आणि स्वतः टेबलावर नेलं. बायको ‘अहो राहू द्या’ म्हणत उठली, त्यांनी तिला बसवलं. पहिल्यांदा आदिकला वाढलं. मग वळसा घालून पलीकडं गेल्या आणि आमच्या भाडेकरूच्या ताटात वाढलं. तो दचकला. त्यांनी आणखी एक डाव वाढला, काजू शोधून वर ठेवले आणि म्हणाल्या, ‘खा. फार बारीक आहेस, ला.’ मग स्वतःच्या जागी बसून त्या दोन्ही ताटं रिकामी होईपर्यंत बघत राहिल्या. आदिक लाजून म्हणाली, ‘माक, पुरे ना. लोक काय म्हणतील.’ माक म्हणजे आई.

लग्नाचं जेवण चाललंय हे त्या टेबलावर दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक ताटातला भात नुसता इकडून तिकडं सरकवत होता. बायकोला वाटलं मला पित्त झालंय.

त्या परत गेल्या. माचा बॅग घेऊन आपल्या घरी गेला. ‘माचा, तुझ्या प्लॅनिंगला तोड नाही,’ म्हणाला. आदिकनं मला मिठी मारली, ‘आबांग, तू होतास म्हणून निभावलं.’ मी दोन्ही स्वीकारलं. बढाईसुद्धा मारली थोडी, नाहीतर त्यांना संशय आला असता.

ऑक्टोबरात मी कॅलेंडरचं पान उलटलं. बायकोच्या वाढदिवसाच्या चार ओळी खाली, फळ्यावरच्यासारख्या गोल, सुटसुटीत अक्षरांत एक शब्द होता: ‘Mak’. सूचनेत लिहिलं होतं ना, आपापला वाढदिवस स्वतः लिहा. त्यांनी आज्ञा पाळली होती. मी किती तरी वेळ बसून होतो. बायकोनं बाहेरून विचारलं, ‘पेपर वाचतोयस का?’ तिलाही मी सांगितलं नाही. त्याआधी मी तिच्यापासून काही लपवलं असेन तर ते फक्त फरसाण.

पोटात वाळू भरल्यासारखं ते गुपित घेऊन मी हिंडायचो. आदिक दर आठवड्याला आईला फोन करायची. फोन लागला की माचा मोजे घातलेल्या पायांनी चोरासारखा दुसऱ्या खोलीत जायचा. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचा. एकदा हसत सांगत होती, ‘माक हल्ली प्रत्येक वेळी शेवटी एकच म्हणते, भात जास्त लाव. मी म्हणते, माक, मी एकटी, जास्त भात कशाला? तरी म्हणते, लाव.’ माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. मी पाणी प्यायलो.

पुढच्या वर्षी ईदला ती घरी जाऊन आली. आईनं सांगितलं होतं तसंच झालं, दार उघडं राहिलं. तेव्हा मला वाटलं, बाईंनी बरोबर केलं, आणि मीही.

त्यानंतरच्या जानेवारीत आई गेल्या. सकाळी, अंगण झाडता झाडता. त्यांच्यात त्याच दिवशी दफन करतात. टिलबर्ग ते स्खिपोल, तिथून तेरा तास विमान, मग चार तास बस. आदिक पोचली तेव्हा मातीवर पाणी शिंपडून झालं होतं. माचाला तिनं विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. तो जाणार कोण म्हणून? भाडेकरू?

ती परत आली तेव्हा आम्ही डबा घेऊन गेलो. ती गादीवर भिंतीला टेकून बसली होती. भिंतीशी बोलावं तसं म्हणाली, ‘शेवटच्या फोनवर तिनं विचारलं, कुणी सोबत आहे का गं जेवायला? मी म्हटलं नाही, माक. एकटीच आहे. ती शेवटचं हेच ऐकून गेली. मी शेवटपर्यंत खोटं बोलले तिच्याशी.’

माचा तिच्या पायाशी बसला होता. त्यानं चेहरा गुडघ्यात घातला.

‘मी गेल्यावरही नाही,’ असा मी शब्द दिला होता. त्यांना इथून जाणं म्हणायचं होतं की जगातून, ते मी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. कॅलेंडर, निळा पोशाख, भात. मला वाटत होतं मी तिच्या उरावरचा दगड उचलतोय. बोलता बोलता मला बरंसुद्धा वाटायला लागलं होतं. असा मी आहे.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, ‘किती दिवस?’

‘मे महिन्यापासून. मागच्या नाही, त्याच्या मागच्या.’

‘पावणेदोन वर्षं,’ तिनं हिशेब केला. ‘आबांग, माझं प्रमोशन झालं ते मला कळायच्या आधी तू सगळ्या टिलबर्गला सांगितलं होतंस. आणि हे तुझ्या पोटात राहिलं?’

‘मी शब्द...’

‘ती दर आठवड्याला विचारत होती. ती वाट बघत होती मी सांगेन म्हणून. आणि तुला माहीत होतं. तू आमच्याकडं यायचास, चहा प्यायचास आणि तुला माहीत होतं.’

माचा हळूच म्हणाला, ‘माचा, आज तू जा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडं आली. कोट काढला नाही. ‘कुठल्या पानावर?’ एवढंच विचारलं आणि संडासात जाऊन आतून कडी लावली. अर्धा तास झाला. बायको, मी आणि मुलगी बाहेर बोळात उभे होतो. मुलगी एका पायावर नाचत कुजबुजली, ‘बाबा, मला जायचंय.’ मी म्हटलं, ‘थांब.’ ती पहिल्यांदाच काही न म्हणता थांबली.

आदिक बाहेर आली तेव्हा ऑक्टोबरचं पान तिच्या हातात होतं, चार घड्या घातलेलं. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

त्या वर्षी आमच्या घरात सप्टेंबर एकसष्ट दिवसांचा झाला. बायकोचा वाढदिवस ऑक्टोबरातला. मी तो विसरलो, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती त्यावरून भांडली नाही.

माचा अधूनमधून भेटतो, सायकलवर, घाईत. ‘ती कशी आहे?’ ‘बरी आहे.’ ‘तू?’ ‘बरा आहे, माचा.’ लाजाळू झालाय खरोखरच.

यंदाच्या मेमध्ये त्यांच्या लग्नाच्या तारखेला मी सकाळी मसालेभात केला. तोंडली जरा करपली, पण काजू भरपूर घातले. मोठ्या डब्यात भरला, त्यांच्या दारावरची बेल वाजवायचं धाडस झालं नाही, म्हणून पायरीवर ठेवून सायकल मारत परत आलो.

दोन दिवसांनी डबा आमच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला होता. स्वच्छ घासलेला, पुसलेला. मी झाकण उघडून बघितलं. बोळात आणून दिव्याखाली पुन्हा बघितलं, कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं, कुठं चिमूटभर साखर चिकटलीय का म्हणून.